सादळलेली बॅट: मालवणातल्या नोंदी, मिरग ते माघ

९ जून २०२४

मिरगाच्या तोंडावर पाऊस लागला आणि वाडीतल्या मुलांनी नेहमीप्रमाणे आपापल्या बॅटी दुकानात आणून ठेवल्या. माझं मुख्य काम खिडक्या-दरवाजांचं, पण गेली बारा वर्षं बॅट रिपेअरिंगही करतो. या बारा वर्षांत एक गोष्ट ठरलेली आहे. जूनमध्ये धड असलेल्या बॅटी दिवाळीच्या आसपास काहीतरी दुखणं घेऊन परत येतात. कुणाचा टो, म्हणजे बॅटीचं खालचं टोक, फुटलेला, कुणाचं हँडल सांध्यात सैल, आणि जवळजवळ सगळ्यांची एकच तक्रार, "बॅटीचो आवाज गेलो." मी चिकटवतो, दोरा गुंडाळतो, देतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कोणी म्हणतं लाकूडच हलक्या प्रतीचं. कोणी खाऱ्या वाऱ्याला दोष देतं, कोणी म्हणतं तेल कमी पडलं. यंदा अंदाजावर चालायचं नाही, मोजायचं असं ठरवलंय. मुलांची परवानगी घेऊन चार बॅटी बाजूला काढल्या आणि हँडलवर खडूने नंबर टाकले.

एक नंबर इंग्लिश विलोच्या लाकडाची, सात ग्रेनची (पात्यावर सात उभ्या रेषा), पाच सीझन खेळलेली, तेल मुरून पिवळसर पडलेली. वजन १,१८६ ग्रॅम. दोन नंबरही इंग्लिश विलो, अकरा ग्रेन, एप्रिलमध्ये मेरठहून मागवलेली, पुढच्या बाजूला पारदर्शक शीट लावलेली, तेलाचा थेंबही नाही. १,१७४. तीन नंबर लेदर बॉलची काश्मीर विलो, १,२५८. चार नंबर टेनिस बॉलची, काश्मीर विलोच, पण मागून खोल खरवडलेली, माझ्या पुतण्याची. १,०२०. चारही पडवीत खुंटीला टांगल्या. टो जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढा नियम पहिल्या दिवसापासून.

शिवाय मे महिन्यात बोर्डिंग ग्राउंडवर मोडलेली एक काश्मीर विलो माझ्याकडे पडून होती. तिचं पातं आडवं कापून इंच-इंच जाडीचे पाच तुकडे केले. खरं बोलणार आहेत ते हे तुकडे.

१० जून

एक तुकडा घरच्या ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर ठेवला. लाकडातली ओल मोजायची सगळ्यांत जुनी आणि खात्रीची रीत हीच. आधी तोलायचं, सुकवायचं, आणि दोन वेळा लागोपाठ तेच वजन आलं की ते कोरडं लाकूड मानायचं. सोनं तोलायचा दोन दशांशांचा छोटा काटा आणला होता. सकाळी आठला तुकडा ४४.४६ ग्रॅम. दुपारी एकला ४०.१२. रात्री नऊला ३९.०१, अकराला ३९.००. थांबलो.

म्हणजे पाच ग्रॅम शेहेचाळीस पाणी निघून गेलं. ओल कोरड्या वजनाच्या हिशेबात काढतात, म्हणून ५.४६ भागिले ३९, म्हणजे १४ टक्के. हाताला तो तुकडा खडखडीत कोरडा लागत होता, तरी चमचाभराहून जास्त पाणी त्यात होतं. ओव्हनमधून काढल्यावर त्याचा वासही बदलला, भाजलेल्या पोह्यांसारखा. टकटक केलं तर नारळाच्या करवंटीसारखा आवाज. नखाने कोपरा दाबला तर तुटून हातात आला. पूर्ण कोरडं लाकूड बॅटीच्या कामाचं नाही, हे एवढ्यावरून कळतं.

उरलेले चार तुकडे त्याच पात्याचे, म्हणून त्यांची कोरडी वजनंही याच हिशेबाने काढून मागे पेन्सिलीने लिहिली. एक माळ्यावर पत्र्याखाली, एक पडवीत, एक स्वयंपाकघरात, एक बंद कपाटात. दर रविवारी तोलायचे.

२३ जून

पावसाने बाहेरची कामं बंद. मुलं दुकानात येऊन बसतात आणि बोलणं फिरून ग्रेनवर येतं. "काका, बारा ग्रेनवाली घेव काय?"

विलोबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण मला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. बॅटीची इंग्लिश विलो म्हणजे सॅलिक्स अल्बा या झाडाची सेरुलिया नावाची जात. इंग्लंडात एसेक्स आणि आसपासच्या ओलसर जमिनीत तिची लागवड होते. आपल्या नदी-ओढ्यांच्या काठावरची वाळुंज ही तिची भाऊबंद. झाड पंधरा-वीस वर्षांचं झालं की तोडतात, ओंडके करवतीने न कापता पाचरीने फोडतात, म्हणजे फाक रेषेतून सुटते. मग लगेच दोन्ही टोकं मेणात बुडवतात. काश्मीरची विलोही सॅलिक्स अल्बाच्याच घरातली, पण तिकडच्या माती-हवेत वाढलेली. ती जरा घट्ट, जड, रंगाने तपकिरी. श्रीनगरहून जम्मूच्या रस्त्याला संगम लागतं, तिथे रस्त्याच्या कडेला विलोच्या फाकांच्या थप्प्याच थप्प्या दिसतात.

एक ग्रेन म्हणजे झाडाचं एक वर्ष. बारीक, जवळजवळ ग्रेन म्हणजे झाड हळू वाढलं. अशी बॅट लवकर लागते, पहिल्याच सीझनला खणखणीत वाजते, पण लवकर थकतेही. रुंद ग्रेनची बॅट लागायला वेळ घेते आणि पुढे जास्त टिकते. ग्रेड वन, ग्रेड टू या खुणा मात्र बऱ्याचशा दिसण्यावर पडतात. ग्रेन किती सरळ, डाग किती, कडेला लाल लाकूड किती. फुलपाखरासारखा डाग असलेली बॅट बघायला कमी, पण खेळायला तिच्यात काही कमी नसतं. माझ्याकडे अशी एक बॅट नऊ वर्षं येत होती.

विलोच घ्यायची कारण तिच्या पेशी पातळ भिंतींच्या, आत हवा. म्हणून हलकी, आणि मार बसला तर फुटायच्या आधी दबते. कारखान्यात पात्यावरून रोलर फिरवतात, तो या पेशी दाबून वरचा थर घट्ट करतो. आत मऊ, वर कडक, अशी बॅट तयार होते. दाब कमी पडला तर फेस, म्हणजे बॅटीची पुढची बाजू, खड्ड्या-खड्ड्यांची होते, जास्त झाला तर बॅट लाकडी फळीसारखी मुकी वाजते.

काश्मीर विलो जड असल्यामुळे त्याच वजनात बसवायची तर पातं बारीक करावं लागतं. एज, म्हणजे कड, पातळ, मागचा उभार कमी. नियमाने एज ४ सेंटीमीटरपर्यंत आणि पात्याची जाडी ६.७ सेंटीमीटरपर्यंत चालते, ऑक्टोबर २०१७ पासून. वजनाला नियमात मर्यादाच नाही. ती खेळणाऱ्याच्या मनगटाने ठरवायची.

१४ जुलै

पाच रविवार झाले. पडवीतला तुकडा १७.५ टक्क्यांवर. माळ्यावरचा १७. स्वयंपाकघरातला १५, आणि बंद कपाटातला १६.५. कपाटात ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा माझा समज गेला. दार बंद केल्याने ओल फक्त उशिरा पोचते.

याचा हिशेब सरळ आहे. कोणतंही लाकूड हवेच्या दमटपणाशी जुळवून घेतं. हवेत ५० टक्के दमटपणा असेल तर लाकडातली ओल ९ टक्क्यांच्या आसपास थांबते, ६५ ला १२ च्या जवळ, ८० ला १५-१६ आणि ९० ला २० च्या घरात जाते. आपल्याकडे जुलैत हवा ८५-९० च्या खाली उतरत नाही. विलोच्या फाका सुकवून साधारण १० ते १२ टक्क्यांवर आणतात आणि मग बॅट घडवतात. म्हणजे मेरठच्या कोरड्या उन्हाळ्यात तयार झालेली बॅट आपल्या पावसाळ्यात आली की तिला पाणी प्यावंच लागणार. प्रत चांगली की वाईट हे दमट हवा विचारत नाही. टक्केवारी सारखीच वाढते, फक्त जड बॅटीत ग्रॅम जास्त भरतात.

आजची बॅटींची वजनं: एक नंबर १५ ग्रॅमने वाढली, दोन नंबर २४, तीन नंबर २३, चार नंबर २२. पात्यात ८०० ग्रॅम कोरडं लाकूड धरलं तर दर टक्क्यामागे ८ ग्रॅम. एक नंबरमध्ये जुनं तेल मुरलेलं आहे, तिने ओल हळू घेतली. तेलाने ओल थांबत नाही, पण तिची चाल मंदावते, हे आकड्यात बघून समाधान वाटलं.

संध्याकाळी भजनी मंडळाचे बुवा आले. पखवाजाचे दोन गठ्ठे (दोऱ्यांखालचे लाकडी ठोकळे) हरवलेत, ते करून हवे होते. टांगलेल्या बॅटी बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी सरळ उपाय सांगितला. "कपाटात बल्ब लाव. पखवाजाक जा लागता, ता बॅटीक पण लागताच." त्यांचा पखवाज पावसाळाभर बल्बच्या कपाटात असतो, नाहीतर पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, उतरते, स्वरच लागत नाही. पण बल्ब जुना तारेचा हवा, एलईडी गरम होत नाही.

आजच लावला. पंधरा वॅटचा, कपाटाच्या तळाला, वर जाळीची फळी. दोन आणि तीन नंबर आत, एक आणि चार पडवीतच राहतील.

२१ जुलै

कपाटातला तुकडा एका आठवड्यात १६.५ वरून १३.६ वर. थर्मामीटरने बघितलं, बाहेर २७ अंश, कपाटात ३१. चारच अंशांचा फरक. पण हवा तापली की तेच पाणी तिला कमी वाटतं. बाहेरची ८८ टक्क्यांची हवा ३१ अंशांवर ७० टक्क्यांची होते, आणि ७० टक्क्यांत लाकूड १३ च्या आसपास थांबतं. बुवांना फोन करून सांगितलं.

२८ जुलै

पलीकडच्या वाडीतला विकेटकीपर बॅट घेऊन आला. "काका, बॅट जड झाली हा." खय ठेवलेलंस विचारलं तर म्हणाला, पडवीच्या कोपऱ्यात उभी. त्याच्या पडवीत पागोळ्यांचं पाणी आत येतं, चिरा कायम ओला.

ही बॅट मी टेबलावर घेऊन बराच वेळ बघत होतो. वरून काहीच नाही, स्टिकर नवा, शीट नीट बसलेली. खाली टोच्या बाजूला मात्र लाकूड करडं पडलेलं, दोन बोटं उंचीपर्यंत. कॅलिपर लावला. टोची रुंदी नियमातल्या १०.८ सेंटीमीटरच्या वर दीड मिलिमीटर. पातं नियमाबाहेर गेलं होतं आणि मुलाला पत्ता नव्हता. शीटची खालची कड सुटून वर वळलेली, कारण लाकूड फुगलं आणि शीट काही फुगत नाही. अंगठ्याने टो दाबला तर ठसा राहिला. पाव दाबल्यावर राहतो तसा.

मग पट्टीच्या धारेवर आडवी ठेवून तिचा तोल काढला. त्याच कंपनीची, त्याच साइजची दुसरी बॅट दुकानात होती. हिचा तोलबिंदू तिच्यापेक्षा सहा मिलिमीटर टोच्या बाजूला सरकलेला. काट्यावर फरक २३ ग्रॅमचाच, पण ते सगळे ग्रॅम टोकाला जमलेत. फिरवताना हाताला ते दुप्पट वाटतात. मुलगा खोटं बोलत नव्हता.

लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. बाजूने पाणी शिरायला वेळ लागतो, नळीच्या उघड्या तोंडातून ते दहा-पंधरा पट वेगाने शिरतं. बॅटीचा टो म्हणजे या सगळ्या नळ्यांची तोंडं. एसेक्समध्ये ओंडक्याच्या टोकांना मेण लावतात तेही याचसाठी, फक्त उलट बाजूने. तिथे आतलं पाणी घाईने बाहेर पडू नये म्हणून, इथे बाहेरचं आत येऊ नये म्हणून.

त्याला घाईने काही केलं नाही. शीटची सुटलेली कड कापली, बॅट स्वयंपाकघराच्या भिंतीला आडवी टांगायला सांगितली. चुलीच्या वर नाही, बाजूला.

४ ऑगस्ट

आज उसळीची चाचणी. पहिल्यांदा १६ जूनला केली होती. बॅट दोन वाळूच्या पिशव्यांवर फेस वर करून आडवी, टोपासून सहा इंचांवर मिडलची (बॉल सगळ्यांत चांगला बसतो त्या जागेची) खूण, दीड मीटरवरून लेदर बॉल सोडायचा, मागे भिंतीला टेप, मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ. दहा वेळा टाकायचा, सगळ्यांत वरची आणि खालची उसळी सोडून सरासरी.

जूनमध्ये एक नंबरवर ३३ सेंटीमीटर, दोनवर ३१, तीनवर ३०. आज एकवर २८, दोनवर २७, तीनवर २६.

पाच, चार, चार. आकडा बघून मीच दचकलो. पोरं म्हणतात तो आवाज गेला तो हा, असं वाटलं.

११ ऑगस्ट

आठवडाभर एक गोष्ट खटकत राहिली. दोन आणि तीन नंबर तीन आठवडे बल्बच्या कपाटात आहेत, वजनं उतरलीत, मग त्यांची उसळीही पडवीतल्या बॅटीइतकीच का घटावी?

रात्री लक्षात आलं. बॉल. तो सगळे दिवस खिडकीत पडलेला होता. तोलला: १६२ ग्रॅम. जूनच्या पानावर लिहिलेलं होतं १५९. बॉल म्हणजे आत बुचाचं लाकूड आणि लोकरीचा दोरा, वर चामडं. तिन्ही ओल पिणारे. आदळताना खरी ताकद बॅटीपेक्षा बॉलमध्येच मुरते, मग बॉल सादळला तर कोणतीही बॅट मुकीच वाटणार. मागच्या रविवारचे आकडे खोडत नाही, बाजूला "बॉल ओला" असं लिहून ठेवलं. बॉल कपाटात.

१८ ऑगस्ट

बॉल १५९.४ वर आला. पुन्हा चाचणी. एक नंबर ३२, दोन ३१, तीन ३०.

म्हणजे पडवीत अडीच महिने काढून २५ ग्रॅम पाणी प्यायलेल्या एक नंबरची उसळी फक्त एका सेंटीमीटरने घटली. माझ्या हाताच्या चुकीत हे सहज बसतं. दीड मीटरवरून पडणाऱ्या बॉलचा वेग ताशी २० किलोमीटरही नसतो, आणि आमचा सगळ्यांत साधा मीडियम पेसरसुद्धा शंभराच्या आसपास टाकतो. तेव्हा मैदानावर किती फरक पडतो ते या चाचणीवरून ठामपणे सांगणार नाही. पण "पावसाळ्यात बॅट मेली" असं म्हणणाऱ्याला आता पहिल्यांदा विचारीन की बॉल कुठे ठेवला होता.

मग ओल करते काय? दुसरी चाचणी केली. जुन्या चक्कीच्या बेअरिंगमधली इंचाची लोखंडी गोळी, एक मीटरवरून, तुकड्यांच्या फेसच्या बाजूवर. कपाटातल्या १३ टक्क्यांच्या तुकड्यावर खळगा साडेपाच मिलिमीटर रुंद, पडवीतल्या १८ टक्क्यांच्या तुकड्यावर साडेसहा. पाच-पाच वेळा टाकून बघितलं, फरक दर वेळी त्याच बाजूला. रोलरने जो वरचा थर कडक केलेला असतो, तो ओलीने मऊ पडतो. म्हणून पावसाळ्यात नेटमध्ये खेळलेल्या बॅटीवर सीमच्या खुणा खोल उठतात आणि नंतर बॅट सुकली तरी त्या राहतात.

यावरून एक निर्णय. मुलं जून-जुलैत रिकामी असतात म्हणून नव्या बॅटीचं नॉकिंग, म्हणजे खेळण्याआधी हातोड्याने ठोकून घेणं, तेव्हाच उरकतात. ते बंद. नॉकिंग फेस कोरडा आणि घट्ट असताना करायचं, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर. या वर्षी तसं सगळ्यांना सांगितलं. दोन नंबरचा मालक नाराज आहे, पण थांबेन म्हणाला.

७ सप्टेंबर

चतुर्थी. काम नाही. चाकरमानी पुतण्या मुंबईहून आलाय, त्याने आपली चार नंबर पाहिली. वजन १,०५१, म्हणजे ३१ ग्रॅमने जास्त. टेनिसच्या बॅटीचा टो कारखान्यातून उघडाच येतो, त्यामुळे सगळ्यांत जास्त तिनेच प्यायलं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. दुपारचं ऊन चटका देणारं, रात्री अजून गार आणि ओली. पुतण्या सणाला पुन्हा आला होता. जाताना मला न विचारता चार नंबर सोबत घेऊन गेला, गावातल्याच मित्राच्या घरी. नवरात्रानंतर टूर्नामेंट आहे.

२० ऑक्टोबर

चार नंबर परत आली. टोपासून वर साडेतीन इंच चीर, ग्रेनला धरून सरळ, एज आणि मिडलच्या मधोमध. पुतण्याने फोनवर सांगितलं की बॅट जड लागत होती म्हणून दोन दिवस पत्र्यावर उन्हात टाकली, तिसऱ्या दिवशी खेळताना पहिल्याच यॉर्करला फुटली.

चूक माझी. उन्हात टाकू नको हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, तो समंजस आहे.

माळ्यावरचा तुकडा यंदा पहिल्यांदा कामाला आला. काल सकाळी सातला तो १५.२ टक्के होता, दुपारी चारला १२.९. पत्र्याखाली नुसत्या सावलीत. प्रत्यक्ष पत्र्यावर, उन्हात, काय झालं असेल. बाहेरचं लाकूड तासाभरात सुकून आकसायला लागतं, आतलं अजून फुगलेलं. आतलं हलत नाही आणि बाहेरचं ताणलं जातं. टोकाकडे सगळ्या नळ्या उघड्या असल्याने ताण तिथे सगळ्यांत जास्त. लाकूड मग ग्रेनच्या रेषेतून उलतं. यॉर्करने बॅट फोडली नाही, फुटलेली बॅट उघडी केली.

बारा वर्षं मी जुलैला दोष देत होतो. जुलैत बॅट फुगते, जड होते, मऊ होते, पण जवळजवळ कधीच फुटत नाही. वहीतल्या जुन्या दुरुस्त्या काढून बघितल्या. टो फुटल्याच्या नोंदी दसरा ते दिवाळी या महिनाभरात दाटीने आहेत. पाणी शिरल्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं ते घाईने काढल्याने होतं. गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅट, खिडकीत उन्हाला लावलेली, इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने सुकवलेली, सगळं एकाच जातीचं.

आमचे उस्ताद सावंतवाडीला लाकडी खेळणी करायचे. पांगाऱ्याचं लाकूड आधी सावलीत, मग हवेशीर ओटीवर, मग कामाला, अशी त्यांची पायरी होती. तेव्हा मला तो नुसता वेळखाऊपणा वाटायचा.

३ नोव्हेंबर

चार नंबर अजून चिकटवलेली नाही. मुलं विचारतात, फेविकॉल भरायला कितीसा वेळ? पण लाकूड अजून आकसतंय. आता चिकटवलं तर चिकटवलेल्या जागेच्या बाजूने पुन्हा उलेल. बॅट कपाटात ठेवली आहे, बल्ब काढून. दर रविवारी तोलतो: १,०३६, १,०२९, आज १,०२४. दोन रविवार लागोपाठ एकच वजन आलं की हात लावायचा.

२४ नोव्हेंबर

१,०१५ आणि १,०१५.

चीर पातळ पात्याच्या सुरीने केसभर उघडली, इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद आत भरला, दुसऱ्या बाजूने थेंब दिसेपर्यंत. मग शिकंजात, दोन्ही कडांना रबराच्या पट्ट्या लावून, चोवीस तास. जास्त आवळायचं नाही, सगळा गोंद बाहेर येतो. त्यानंतर टो पॉलिश पेपरने घासून पातळ केलेल्या वॉर्निशचे तीन हात दिले, दोन हातांत एक दिवस सोडून. पहिला हात लाकूड गटागट प्यायलं, दुसरा थोडा, तिसरा वरच चमकत राहिला. वर रबरी टो गार्ड.

टो बंद करायची वेळ हीच. जुलैत ओल्या टोवर वॉर्निश मारलं तर पाणी आत कोंडतं, मी स्वतः तसं केलेलं आहे, आणि त्या बॅटीचा टो आतून काळा पडला होता.

१५ डिसेंबर

दोन नंबरचं नॉकिंग सुरू. तेल दिलं आधी. जवसाचं, कच्चं. उकळलेलं घ्यायचं नाही, त्याचा वर कडक पापुद्रा धरतो. शीटमुळे फेसला नको, म्हणून एज, टोजवळचा भाग आणि पाठ, सगळं मिळून चहाचा एक चमचा, आणि बॅट रात्रभर आडवी. सांध्याला आणि हँडलला तेल लावायचं नाही. वेताचं हँडल पात्यात पाचरीसारखं बसवायची ही रीत १८८० च्या दशकात चार्ल्स रिचर्डसन नावाच्या रेल्वे इंजिनियरने काढली. ती आजही गोंदावर उभी आहे, आणि तेल गोंदाचा वैरी.

मुलाला लाकडी हातोडा देऊन रोज अर्धा तास बसवतो. आधी एजला तिरके हलके ठोके, मग मिडल. चौथ्या दिवशी आवाज बदलला, थपथप जाऊन टणक झाला. त्याला स्वतःच ऐकू आलं, मी काही बोललो नाही.

९ फेब्रुवारी २०२५

आज बॅटी परत दिल्या. एक नंबर १,१७३. दोन १,१६१. तीन १,२४३. चार नंबर गोंद, वॉर्निश आणि टो गार्ड धरून १,०२६. पडवीतला तुकडा ११.४ टक्के. सुकलेल्या बॉलने उसळी: ३३, ३२, ३०.

दोन नंबर अकरा ग्रेनची इंग्लिश विलो, तीन नंबर काश्मीर. दोघींत उसळीचा फरक दोन सेंटीमीटर. किमतीत तो चौपट आहे. पैसे जपून असलेल्या घरातल्या मुलाने काश्मीर विलो घ्यावी, टो बंद करून घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगले पॅड घ्यावेत, असं मी यापुढे मोकळेपणाने सांगेन.

ओल मोजायचं यंत्र मुलांकडे नाही आणि लागणारही नाही. वाण्याचा काटा पुरतो. प्रत्येक बॅटीची ग्रिप वर सरकवून हँडलवर आजचं वजन आणि तारीख बॉलपेनने लिहिली. जूनमध्ये वाण्याकडे तोलायची, दर महिन्याला एकदा. २० ग्रॅमच्या वर वाढली तर माझ्या कपाटात जागा आहे. दसऱ्याला वजन उतरायला लागलं की उन्हापासून लांब, आणि दर आठवड्याला दहा ग्रॅमपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही.

विकेटकीपरची बॅटही आली होती. टोची रुंदी पुन्हा १०.८. करडा डाग राहिलाय, अंगठ्याचा ठसाही. टो घासून पहिला हात देऊन ठेवलाय, उद्या दुसरा.